उघड्यावरच्या चुलीचे महिने

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या पुढे चौक गावाच्या टेकडीवर गेले की समोर वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला दिसतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, 1737 ते 1739 या काळात, ही टेकडी ज्या धारावी बेटावर आहे त्या बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झुंजी झाल्या. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्येच घेतला होता. मे 1739 मध्ये वसई पडली. मोहिमेची ही हकिकत आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. हजारो माणसे महिनोन्‌महिने उघड्यावर राहिली, तिथेच दगड मांडून रांधत आणि जेवत राहिली, याचा विचार मात्र फारसा होत नाही. त्या माणसांचे वेळापत्रक ठरलेले असे. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मोहीम, आणि मृगाच्या आत परत किंवा पक्क्या आडोशाला. नद्यांना उतार मिळणे, वाटा वाळणे, जनावरांना चारा मिळणे ही त्यामागची कारणे शाळेत शिकवतात. त्यात एक कारण मी जोडेन. आषाढात उघड्यावर चूल पेटत नाही.

आज तंबू पाठीला बांधून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आवडता ऋतू विचारला, तर दहातले आठ जण पावसाळा सांगतील. सह्याद्रीचा पावसाळा देखणा असतो, यात शंका नाही. पण रात्र उघड्यावर काढायची आणि जेवण तिथेच शिजवायचे, एवढे ठरले की माझे मत पक्के आहे. कार्तिकाच्या उत्तरार्धापासून माघाच्या मध्यापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे दिवस आपले. हे जेमतेम अडीच महिने आहेत. त्याच्या अलीकडे लाकूड साथ देत नाही आणि पलीकडे रान साथ देत नाही. हे कसे, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी जागेचे बोलू, कारण मिरा-भाईंदरला राहणाऱ्यांची एक गोड गैरसमजूत असते. शहराच्या उत्तरेला खाडी, पश्चिमेला उत्तन-पाली-चौकचा समुद्र, पूर्वेला काशिमिऱ्यापासून चेण्यापर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मध्ये मिठागरे आणि तिवरांचे पट्टे. इतके सगळे दारात असताना तंबू कुठेही ठोकता येईल असे वाटते. तसे नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणेच गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे तिथे धोकादायक रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणेही गुन्हा आहे. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो आणि तोही आगीबाबत तितकाच कडक आहे. तिवरांचा मोठा भाग आता याच कायद्याखाली राखीव वन झालेला आहे. शिवाय आपल्या या डोंगरांत बिबटे आहेत. रात्रीच्या रश्श्याची हाडे आणि भात मागे टाकून आलो की त्यावर गावची कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. कॅम्प करणारा सकाळी घरी जातो. पाड्यावरच्या लोकांना तिथेच राहायचे असते.

तेव्हा आपली जागा म्हणजे कुणाचे तरी शेत, वाडी किंवा गावाजवळची परवानगीची माची. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गावांत, वसईच्या वाड्यांत, केळव्याकडे, आसनगावजवळ माहुलीच्या पायथ्याला, रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या शेतांत ओळखीच्या माणसाला विचारून एक रात्र काढणे अवघड नाही. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाकडे जायचे तर तो सगळा मुलूख 1986 पासून अभयारण्य आहे, एवढे लक्षात ठेवून पायथ्याच्या गावात आधी विचारावे. ज्याची जमीन त्याच्या घरची चूल आधी पाहावी, मग आपली मांडावी. लाकूड कुठले घ्यायचे, पाणी कुठले चांगले, कुठल्या बांधावर नाग दिसला आहे, हे सगळे त्या पहिल्या चहात कळते.

आता पाऊस. नैऋत्य मोसमी वारे मुंबईत साधारण 11 जूनला पोचतात आणि 8 ऑक्टोबरच्या आसपास परत फिरतात. या चार महिन्यांत आपल्या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओले लाकूड पेटत नाही हे लहान मुलालाही ठाऊक असते, पण का पेटत नाही याचा हिशेब मजेशीर आहे. एक किलो कोरड्या लाकडात साधारण 18 मेगाज्यूल उष्णता असते. एक किलो पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 2.6 मेगाज्यूल लागतात. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे धरले, तरी त्यातल्या कोरड्या भागाची उष्णता ते पाणी घालवून पुष्कळ उरावी. नुसत्या बेरजेने पाहिले तर ओले लाकूडही जळायला हवे. अडचण तापमानाची आहे. लाकडातून पेट घेणारे वायू बाहेर पडतात ते 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या आसपास. पण आत पाणी शिल्लक आहे तोवर तो भाग 100 अंशांच्या फार वर जातच नाही. मग ज्वाळेऐवजी नुसता धूर निघतो, डोळे चुरचुरतात आणि भाताला उकळी येत नाही.

आडोशाला ठेवलेले लाकूडही सुटत नाही. लाकूड हवेतली ओल सतत शोषते आणि सोडते. हवेची आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात असली की छपराखालच्या लाकडातही वजनाच्या सुमारे 20 टक्के पाणी मुरते. आर्द्रता 50 टक्क्यांवर उतरली की तेच लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर येते. म्हणून तर कोकणात आणि घाटमाथ्यावर लाकडे पावसाआधी घरात घेतात आणि चुलीच्या वरच्या माळ्यावर रचतात. तिथे रोजच्या धगीने ती कोरडी राहतात. पावसाळ्यात राजमाचीला जायचेच असेल, तर उधेवाडीत कुणाच्या तरी पडवीत झोपावे आणि त्यांच्या चुलीवरचे पिठले-भाकरी खावी. त्या चुलीमागे वैशाखात भरलेले लाकूड असते, ते आपल्या पिशवीत येत नाही. पावसाळी मुक्कामाचे बाकीचे त्रास, म्हणजे गोचिड्या, जळवा, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो, अचानक फुगणारे ओढे, यांची यादी लांबवत नाही. ओढ्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही, एवढे मात्र बजावून सांगतो. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही, त्याचे पाणी तेवढे येते.

ऑक्टोबर फसवा असतो. आकाश निळे, रान हिरवे, सुट्ट्याही येतात. पण जमिनीत चिखलाची ओल, कमरेएवढे गवत, दिवसा घामाच्या धारा आणि दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग. या ढगांत वीज फार असते. किल्ल्याच्या उघड्या बुरुजावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये असे दिवस हेच. लाकूड तर अजून पावसाळ्याचेच असते. वरून वाळलेले दिसते, मोडले की आतून चिवट लागते. कडक्‌ आवाज करून मोडणारी काटकी मिळायला दिवाळी उलटावी लागते.

ती उलटली हे मला उत्तनला कळते. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील सुकायला टांगलेले असतात. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याच्या वजनातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचा असतो. हवा कोरडी असेल तर तो दोन-तीन दिवसांत काठीसारखा कडक होतो. दमट दिवसांत तो लवकर सुकत नाही आणि कोळणींचा जीव वरखाली होतो. नोव्हेंबरात बोंबील पटापट वाळू लागले की समजावे, लाकूडही वाळते आहे. त्याच सुमाराला मिठागरांतल्या कामाची हालचाल सुरू होते, कारण तिथेही सगळा भरवसा कोरड्या हवेवर आणि उन्हावर. मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होऊन 31 जुलैला उठते, पण सुक्या मासळीचा खरा हंगाम पाऊस पुरता गेल्यावरचा. उत्तनचे सुके बोंबील घेऊन गेलो तर रात्री वेगळे कालवण लागत नाही. निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजावेत, हातानेच कुस्करावेत, वर कच्चा कांदा, मीठ, हिरवी मिरची आणि लिंबू. सोबत भात असला की झाले.

थंडीतला वारा किनाऱ्यावर एक खोडी करतो, ती माहीत असावी. दुपारी जमीन समुद्रापेक्षा तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे पश्चिमेकडून येतो. सूर्य मावळला की तो पडतो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा उलटा, पूर्वेकडून वाहू लागतो. दुपारी चारला पोचलेला माणूस वाऱ्याची दिशा बघून तंबूच्या पूर्वेला चूल मांडतो, कारण धूर तंबूपासून लांब जातो. रात्री दहाला तोच धूर आणि त्यातल्या ठिणग्या तंबूवर येतात. तंबूचे कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचे असते, एका ठिणगीने त्याला भोक पडते. म्हणून किनाऱ्याजवळच्या वाडीत तंबू आणि चूल उत्तर-दक्षिण रेषेत ठेवावी, मध्ये दहा पावलांचे अंतर सोडावे.

पौर्णिमेला वाळूवर झोपायची हौस अनेकांना असते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. संध्याकाळी ओहोटीला समुद्र पार लांब गेलेला दिसतो, आपण निर्धास्त तंबू लावतो, आणि ऐन झोपेत पाणी पायाशी येते. वाळूवरची सुक्या शेवाळाची आणि काटक्यांची वरची रेघ बघावी आणि तिच्याही बऱ्याच वर, ओल्या-सुक्या वाळूच्या पलीकडे राहावे. उधाणाच्या दिवसांबद्दल कोळ्यांना विचारणे सगळ्यात बरे.

डोंगरावर हवा दुसरे खेळ खेळते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे भाईंदरपेक्षा तिथे सरासरी दहा-अकरा अंशांनी गार. आपल्याकडे जानेवारीतले सरासरी किमान तापमान 16-17 अंश असते. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी नोंदलेले 7.4 अंश हा मुंबईचा नीचांक आहे. पण शांत, निरभ्र रात्री हा हिशेब उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून निवते, तिच्या लगतची हवा जड होते आणि उतारावरून ओघळून खोऱ्यात साठते. त्यामुळे धरणाच्या काठचा सपाट, सुंदर, फोटोत चांगला दिसणारा तुकडा पहाटे सगळ्यात गारठलेला असतो. दवही तिथेच जास्त. तोच तंबू उतारावर वीस-तीस मीटर वर, झाडाच्या पसरट फांदीच्या कडेला लावला तर पहाट पुष्कळ सुसह्य होते, कारण फांदी जमिनीची धग आकाशात जाऊ देत नाही. तंबूच्या आतून जे पाणी टपकते ते बऱ्याचदा आपल्याच श्वासातले असते. दोन्हीकडची जाळी थोडी उघडी ठेवली की ते कमी होते. थंडी वाजते म्हणून तंबूत निखाऱ्यांची शेगडी घेणे हा मात्र मृत्यूशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतून उठत नाही. चुलीतले विझत आलेले निखारेसुद्धा आत न्यायचे नाहीत.

उंचीवर शिजायला वेळ लागतो तो थंडीमुळे नव्हे, हवेचा दाब कमी असल्यामुळे. साधारण दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडावर, सुमारे 1424 मीटरवर, पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळते. खाली जाळ कितीही वाढवला तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून तापत नाही, फक्त लवकर आटते आणि लाकडे संपतात. तुरीची डाळ तिथे बोटचेपी व्हायला रात्र होते. मुगाची डाळ आणि तांदूळ घरून निघतानाच एका डब्यात भिजत घालावेत. चढून पोचेपर्यंत ते फुगलेले असतात आणि खिचडी तासाऐवजी पाव तासात होते. झाकणावर दगड ठेवला तर आणखी लवकर. भिजवण्याची ही युक्ती मला कुठल्याही महागड्या स्टोव्हपेक्षा मोलाची वाटते.

पण या ऋतूतले खरे उघड्यावरचे शिजवणे खिचडी नव्हे. ते पोपटी. रायगड जिल्ह्यात, अलिबाग, पेण, रोहा, मुरूडकडे थंडीत शेताशेतांत ज्या पोपट्या लागतात, त्यांत पातेले नसते, पाणी नसते, तेलाचा थेंब नसतो. एक मडके, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, जाडे मीठ, ओवा आणि जाळ. यातली प्रत्येक वस्तू त्याच पंधरवड्यांत हाताशी येते. पोपटी ऋतूबाहेर का लावता येत नाही, याचे उत्तर त्यातच आहे.

भात कापून झाला की त्याच खाचरात वाल पेरतात. त्याला पाणी द्यावे लागत नाही. पावसाळ्याने जमिनीत सोडलेली ओल आणि पहाटेचे दव यांवर तो वाढतो. म्हणजे जे दव आपला तंबू भिजवते, तेच या पिकाला हवे असते. डिसेंबरच्या अखेरीपासून शेंगा भरू लागतात. दाणा भरलेला पण अजून कोवळा, साखर अजून पिठाळ न झालेली, सालीत भरपूर रस, अशी शेंग पोपटीला लागते. भांबुर्डी हे शास्त्रज्ञांच्या भाषेत ब्लुमिया लॅसेरा. कापलेल्या भाताच्या रानात आणि बांधावर आपोआप उगवणारे तण. तिच्या केसाळ पानांत उडनशील तेल असते, पान चुरगाळले की कापरासारखा उग्र, किंचित कडवट वास येतो. ते कुणी पेरत नाही, बाजारात मांडत नाही. पोपटी लावायच्या आधी पोरांना रानात पिटाळतात आणि ती भारे घेऊन येतात.

पोपटी लावायची रीत अशी. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा जाड थर द्यायचा. शेंगा धुऊन त्यांना मीठ आणि ओवा चोळायचा आणि थरावर थर भरायचा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी. चिकन घालायचे तर ते आले-लसूण, मिरची, हळद लावून केळीच्या पानात गुंडाळून मडक्याच्या मधोमध ठेवायचे, म्हणजे सगळीकडून सारखी वाफ लागते. तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. मग मडके उलटे, तोंड जमिनीकडे करून ठेवायचे आणि त्याच्याभोवती पातेरा, पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून चहूबाजूंनी जाळ लावायचा. अर्धा ते पाऊण तास. झाले की नाही ते बघायला तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चर्र होऊन ते क्षणात उडाले की मडके ओढून बाहेर घ्यायचे.

उलट्या मडक्यात काय घडते ते बघण्यासारखे आहे. वाफ वर चढते, पण वर मडक्याचा बंद तळ असतो. खाली पाल्याचा बोळा आणि माती. त्यामुळे शेंगांतलेच पाणी वाफ होऊन आत कोंडते आणि त्याच वाफेत शेंगा शिजतात. बाहेर ज्वाळा कितीतरी शे अंशांच्या असतात. आत मात्र ओल आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास थांबते. जे तत्त्व आषाढात आपले लाकूड पेटू देत नाही, तेच पौषात शेंगा करपू देत नाही. कडेचा पाला जळून काळा होतो, त्याचा धूर आणि तेलाचा वास शेंगांना लागतो, आणि मिठाने सुटलेला रस दाण्यात परत मुरतो. जून शेंग घेतली तर तिच्यात पाणी कमी, दाणा पिठाळ. मग तळ करपतो आणि दाणा कोरडा घशाशी बसतो. बाजारातल्या शीतगृहातल्या शेंगांची पोपटी जुलैत लावून बघणारे आहेत. वाल मिळेल, पाला कुठून आणणार? आणि भिजलेल्या गोवऱ्या पेटणार कशा?

शेंगा घमेल्यात ओतल्या की वाट बघू नये. सालीसकट दातांत धरून दाणा ओढून काढायचा. पहिल्या घासाला भांबुर्डीचा कडवटपणा नवख्याला खटकतो, तिसऱ्या-चौथ्या शेंगेनंतर त्याचीच गोडी लागते.

हीच बुद्धी अरबी समुद्राच्या काठाने वर जाते. पालघर जिल्ह्यात कंद आणि शेंगांची उकडहंडी होते. काशिमिऱ्याहून अहमदाबादचा महामार्ग धरून गुजरातेत शिरले की वलसाडकडे थंडीत रस्त्याकडेला उंबाडियूची मडकी दिसतात. घाटावर थंडीचा मेवा म्हणजे हुरडा. सोलापूर, अहिल्यानगरकडे रब्बी ज्वारीची कणसे आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून हातावर चोळतात. गुळभेंडी आणि सुरतीची नावे जाणकार आदराने घेतात. तिथेही मर्म कोवळ्या दाण्याचेच आहे. दुधाळपणा जाऊन दाणा नुकता घट्ट होऊ लागला, की आठ-दहा दिवसांचाच खेळ. त्यावर लसणाची चटणी, गूळ, दही.

माघ सरत आला की वालाच्या शेंगा वाळू लागतात आणि पोपट्या आपोआप थांबतात. त्याच दिवसांत महाराष्ट्राच्या वनखात्याचा आगीचा हंगाम सुरू होतो, 15 फेब्रुवारी ते 15 जून. जाळरेषा त्याच्या आधी काढून होतात. ज्या कोरडेपणाची आपण दिवाळीपासून वाट बघत होतो, तोच आता अति झालेला असतो. उभे गवत सोन्यासारखे वाळलेले, सागाची पाने खाली, दुपारी भणाणता वारा. या दिवसांत गडावर किंवा रानाच्या कडेला उघडी चूल मांडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वणवा लागला की जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप, गेल्या पावसात उगवलेली रोपे, सगळे जाते, आणि डोंगर पुढच्या पावसात माती सोडतो. आणखी एक कारण कड्यावर लटकलेले असते. आग्या मोहोळांच्या माश्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कड्याकपारींत आणि बुरुजांखाली पोळी करून असतात. खालच्या चुलीचा धूर वर गेला की त्या उठतात. किल्ल्यांवर माश्यांनी केलेल्या कित्येक हल्ल्यांचे मूळ असा धूर असतो. चूल मांडण्याआधी वर मान करून कडा न्याहाळायची सवय थंडीतही ठेवावी.

चूल विझवण्यातही आपल्याकडे चूक होते. निखाऱ्यांवर माती लोटून लोक निघतात. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. दुपारच्या वाऱ्याने माती उडाली की तो पुन्हा फुलतो. पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, परत पाणी ओतावे, आणि उलटा हात राखेत घालून बघावा. हाताला ऊब लागली तर अजून विझलेली नाही. चुलीचे दगड जिथून घेतले तिथे परत ठेवावेत.

उन्हाळ्यात बाहेर राहूच नये का? राहावे की. मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदऱ्याकडे, पुरुषवाडीला, राजमाचीला काजवे लागतात, आणि त्यांच्यासाठी अंधारच लागतो. चुलीचा उजेड, बॅटऱ्यांचे झोत आणि गाडीचे दिवे यांत काजव्यांच्या नर-मादीची प्रकाशाची बोली हरवते, जोड्या जमत नाहीत. तेव्हा या दिवसांत शिदोरी घरून न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, पिशवीत कांदा. प्रवासाला निघणाऱ्या मराठी माणसाला आजी हेच बांधून देत असे. दशमी भाकरीपेक्षा जास्त टिकते. चहापुरता लहान गॅस स्टोव्ह, तोही पायथ्याच्या गावात, साफ केलेल्या अंगणात.

आणि ज्यांच्या शेतात पौषात पोपटी लावायची आहे, त्यांच्याकडे एक फेरी मे महिन्यात मारावी. गोवऱ्या उन्हात थापून उडवीत रचायचे आणि लाकडे फोडून पडवीत घ्यायचे काम तेव्हा चाललेले असते. चार हात लागले तर त्यांनाही हवेच असतात, आणि आपल्या मडक्याला लागणारे जळण त्याच ढिगातून येणार असते.